उथळ पाण्याच्या बाजूने

मराठीत एखादे पुस्तक निकालात काढायचे असेल तर 'उथळ' हा एक शब्द पुरतो. त्यासोबत पुरावा मागण्याची पद्धत नाही. गौरव करायचा झाला तर अनुभव 'सखोल' असतो, जाणीव 'खोलवर रुजलेली' असते आणि लेखक 'तळ गाठणारा' ठरतो. बी.ए.च्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही विचारावे : 'कवी जीवनाच्या तळाशी जातो' हे वाक्य कुठल्याही कवीविषयी, कुठल्याही कवितेच्या संदर्भात निर्धास्तपणे लिहिलेले सापडते आणि त्याला गुणही मिळतात. आमच्या समीक्षेने मूल्यमापनाची ही मोजपट्टी पाण्यावरून उचलली खरी, पण पाणी ओळखणाऱ्यांना ती कधी दाखवली नाही. ज्यांचा चरितार्थ किंवा छंद नदीचे पाणी वाचण्यावर चालतो ती माणसे उथळ पाण्याला नावे ठेवीत नाहीत. नदीवर गेल्यावर ती आधी तिकडेच पाहतात.

'पाणी वाचणे' हा शब्दप्रयोग येथे अलंकार म्हणून आलेला नाही. कृत्रिम माशी दोरीला बांधून ट्राउट मासा धरणाऱ्यांच्या परंपरेत तो एका रीतसर कौशल्याचे नाव आहे. देऊळगाव राजात बसून ट्राउटविषयी लिहिणे काहींना चमत्कारिक वाटेल. हा मासा मूळचा युरोप-अमेरिकेचा. १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी तो काश्मीरच्या थंड ओढ्यांत रुजवला, पुढे कुलूच्या खोऱ्यात आणि निलगिरीतही नेला. महाराष्ट्रातील नद्यांत तो नाही आणि टिकणेही शक्य नाही, कारण पाण्याचे तापमान विशीच्या पुढे सरकले की त्याला जड जाऊ लागते आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये नदीचे पाणी तर सोडाच, रांजणातले पाणीही त्याला मानवणार नाही. परंतु त्या माशापायी जी वाचनविद्या तयार झाली ती केवळ त्या माशापुरती राहत नाही. पाणी उतारावरून ज्या नियमांनी बियासमध्ये वाहते त्याच नियमांनी ते खडकपूर्णेतही वाहते.

ही विद्या थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण आमचे सारे म्हणणे तिच्या तपशिलावर उभे आहे.

वाहत्या पाण्यातल्या माशापुढे एक साधा हिशेब असतो. प्रवाहाशी झुंजण्यात शक्ती खर्च होते, आणि अन्न तर प्रवाहच घेऊन येतो. तेव्हा संथ पाण्यात उभे राहावे आणि शेजारच्या वेगवान धारेतून वाहत येणारा घास टिपावा, हे त्याला सोयीचे. म्हणून ट्राउट सहसा धारेच्या मध्यात नसतो आणि साचलेल्या कोपऱ्यातही नसतो; वेगवान आणि संथ पाण्याच्या सांध्यावर तो प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. हा सांधा पृष्ठभागावर दिसतो. एका बाजूला बारीक सुरकुत्या, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पाणी, आणि मधून फेसाची एक रेघ. फेस जिकडे वाहतो तिकडेच पाण्यात पडलेले किडेही वाहतात, त्यामुळे ती रेघ ही माशाच्या ताटाची कड असते. पाण्याखाली दडलेला दगड असेल तर वर एक गुळगुळीत उमाळा येतो. नवशिका त्या उमाळ्याखालीच दगड आहे असे समजून गळ टाकतो आणि रिकाम्या हाताने परततो, कारण दगड तिथे नसतो. तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतो. पाणी दगडावर आपटून वर चढेपर्यंत पुढे गेलेले असते. पाणी जितके खोल आणि वेगवान, तितकी खूण आणि वस्तू यांतले अंतर अधिक. चिन्ह आणि चिन्हित यांच्या संबंधावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो. तो संबंध थेट नसतो, पण मनमानीही नसतो, मधल्या प्रवाहाचा वेग ध्यानात घेऊन तो काढता येतो, हे या एका दगडाइतके नेमके समजावणारे उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही.

आता उथळ पाणी. दगडगोट्यांवरून खळाळत जाणारे गुडघाभर पाणी पाहून त्यात काही नसेल असे वाटते. वस्तुतः नदीचे स्वयंपाकघर तेच. ऊन तळापर्यंत पोहोचते म्हणून दगडांवर शेवाळ धरते. शेवाळावर जलकीटकांच्या अळ्या वाढतात. पाणी फुटून हवेत मिसळते म्हणून त्यात प्राणवायू भरपूर असतो. या अळ्या सुटून वाहत खालच्या डोहात जातात आणि डोहातला मासा डोहाच्या तोंडाशी, म्हणजे उथळ संपून खोल सुरू होते तिथे, त्यांची वाट पाहत असतो. डोह ही विश्रांतीची, उन्हापासून आणि शत्रूपासून लपण्याची जागा. वरचे उथळ मेले तर खालचा डोह उपाशी पडतो. शिवाय ही दोन्ही नदीत कुठेही यदृच्छेने येत नाहीत. लुना लिओपोल्ड या अमेरिकी जलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले की गोट्या-वाळूच्या पात्रात एका उथळापासून पुढचे उथळ साधारणतः पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर येते. छंदशास्त्र शिकवणाऱ्यांनी याकडे जरूर पाहावे. गुरू आणि लघू यांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावणारा छंदशास्त्री अजून जन्मायचा आहे. खोल आणि उथळ यांत मात्र ते आम्ही बेलाशक लावतो.

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण माणसांविषयी बरोबर असेल. नदीविषयी ती अर्धीच बरोबर आहे, कारण तो खळखळाट म्हणजे पाण्यात हवा मिसळण्याचा आवाज. 'उथळ' या शब्दाची व्युत्पत्ती 'उत्' आणि 'स्थल' अशी लावली जाते : जिथे तळची भूमी वर उचललेली आहे ती जागा. म्हणजे मूळ शब्दात पाण्याची उणीव मुळीच नाही, त्यात तळ डोळ्यांजवळ आल्याची नोंद आहे. 'उतार' या शब्दाचेही तसेच. नदी पायी ओलांडता येते त्या जागेला जुन्या मराठीत उतार म्हणत. दोन काठांवरच्या गावांचा व्यवहार, सोयरिकी, बाजार हे सारे उतारावरून चालत आले. डोहावरून कोणी पलीकडे गेलेले नाही.

बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा दोन. घाटाखालची तापीला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जाते. घाटावरची अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, जालना-बुलढाण्यातून परभणी-हिंगोलीकडे उतरते आणि गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राचा रस्ता धरते. ही दुसरी ती आमची खडकपूर्णा. नावातच खडक. दख्खनच्या काळ्या पाषाणावरून वाहणाऱ्या या नदीला एकेकाळी कपारी होत्या, धारा होत्या, डोह होते, आणि त्या प्रत्येकाचे मासे वेगळे होते. मळ्या हा बोटभर मासा तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटून धारेत राहतो. वाम कपारीत शिरते. शिंगटी तळाशी मिशांनी चाचपडत फिरते. मरळ वरची हवा घेऊ शकतो, म्हणून साचलेल्या डबक्यातही तग धरतो. भोई जेव्हा फेकजाळे खांद्यावर घेऊन काठाने चालतो, क्षणभर थांबतो आणि मग एका विशिष्ट जागीच जाळे उडवतो, तेव्हा त्या थांबण्यात त्याने एक परिच्छेद वाचलेला असतो. हातात पुस्तक नाही म्हणून आम्ही त्याला वाचन म्हणत नाही, एवढेच.

या वाचकांची भाषा किती नेमकी होती याचा पुरावा, गंमत अशी की, लॅटिनमध्ये उरला आहे. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची सांख्यिकी पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री सायक्सने येथील माशांचे वर्णन १८३९ ते १८४१ या काळात लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध केले, आणि अनेक जातींना शास्त्रीय नावे देताना कोळ्या-भोयांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिनच्या पंगतीला बसवली. खुद्री, कोळस, मळ्या, शिंगटी, लोणा ही नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. दख्खनच्या महसीर माशाचे शास्त्रीय नाव 'टोर खुद्री' आहे हे मराठीच्या किती अध्यापकांना ठाऊक असेल? आमच्या कवितेत 'मासोळी' आहे, 'मीन' आहे; खुद्री आणि मळ्या नाहीत. डोहाचेही तेच झाले. श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांच्या १९६५ च्या ललितलेखसंग्रहाचे नाव 'डोह' आहे आणि ते सार्थ आहे. परंतु त्यानंतरच्या मराठी कवितेत डोह शब्द इतक्यांदा आला की तो नदीतून उपसून मनातच भरला गेला. मनाच्या डोहाला वरून येणारी धार नसते आणि खाली जाणारा उतारही नसतो. तो नुसताच खोल असतो.

बालकवींची 'औदुंबर' घ्या. आठ ओळींची ही कविता मराठी समीक्षेतील बहुधा सर्वाधिक उकलली गेलेली कविता असेल. औदुंबर म्हणजे कोण : विरक्त योगी, मृत्यू, कवीचे उदास मन? या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या लेखण्या झिजल्या आहेत आणि विद्यार्थी त्यांतले एक उत्तर पाठ करून येतो. या कवितेतले पाणी काय करते, हे मात्र फारसे विचारले जात नाही. ती सुरू होते तेव्हा झरा वाहतो आहे. दोन्ही तीर आहेत, रंग आहेत, पुढे गाव आणि शेते आहेत, वाट निघाली आहे. संपते तेव्हा झाडाच्या पायाशी पाण्यावर सावळेपणा पसरला आहे. वाहते पाणी या सावळ्या पाण्यापर्यंत कसे येते? दृष्टी कुठल्या ओळीला पाण्यावरून उचलून दूर नेली जाते आणि कुठल्या ओळीला परत आणली जाते? क्रियापदे कुठे दाटीने आहेत, कुठे विरळ? चपळ आणि संथ यांचा सांधा कवितेत नेमका कोणत्या जागी आहे? हे प्रश्न पृष्ठभागाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे दिल्यावाचून औदुंबराच्या प्रतीकाविषयी बोलणे म्हणजे उमाळा दिसला त्याच जागी दगड गृहीत धरणे होय. प्रतीक तिथे असेलही. पण ते कुठे, हे प्रवाहाच्या वेगावरून काढावे लागेल.

येथे कोणी म्हणेल की आम्ही रूपवाद्यांचीच जुनी बाजू नव्या गळाला लावून पाण्यात सोडतो आहोत. तसे नाही, आणि ते का नाही हे ट्राउटवाल्यांच्याच एका जुन्या भांडणावरून स्पष्ट होते. इंग्लंडच्या दक्षिणेतील स्वच्छ, संथ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड याने १८८० च्या दशकात तरंगत्या माशीचा पंथ रूढ केला. पाण्याच्या वर तरंगणारी माशी, तीही वर येऊन खाताना दिसलेल्या माशापुढेच टाकायची. बाकी सारे त्याच्या अनुयायांच्या लेखी अधर्म. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० मध्ये पुस्तक लिहून याला उत्तर दिले : मासा आपल्या अन्नाचा मोठा भाग पाण्याखालीच खातो, मग बुडती माशी का वर्ज्य? हा वाद इतका टोकाला गेला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चासत्र झाले. पृष्ठभागवादी आणि खोलीवादी असे हे दोन पक्ष पाहून आमच्या परिसंवादांची आठवण कोणालाही व्हावी. पण खरी गोष्ट पुढेच आहे. बुडत्या माशीला मासा लागला हे स्क्यूजला कळायचे कसे? पाण्याच्या वर आलेल्या एका सूक्ष्म फुगवट्यावरून, दोरीच्या किंचित थबकण्यावरून. म्हणजे खोलीचा कैवार घेणाऱ्याला पृष्ठभाग हॅलफर्डपेक्षाही बारकाईने वाचावा लागला. आमच्याकडील खोलीवाद्यांनी नेमकी हीच अट स्वतःला लावून घेतलेली नाही.

यापेक्षा गंभीर आक्षेप आमच्याच मातीतून येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. खडकपूर्णेच्या धरणाला त्यांचेच नाव आहे, संत चोखासागर. वरच्या रंगाला भुलू नका असे बजावणारा त्यांचा अभंग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो, आणि त्यात ऊस आणि धनुष्य यांच्या पाठोपाठ दाखला येतो तो नदीचा : वळणे पात्राची, पाण्याची नव्हेत. मग पृष्ठभागाची तरफदारी करणारे आम्ही या अभंगाचे काय करणार?

आमच्या मते हा अभंग वाचनाचा सिद्धान्त म्हणून वापरणे हाच त्याच्यावर अन्याय आहे. चोखोबा ज्या समाजाशी बोलत होते तो समाज पृष्ठभाग वाचत नव्हता. तो एक शिक्का पाहत होता आणि तिथेच डोळे मिटत होता. जात ही पाण्यावरची खूण नाही. ती काठावरच्या कोणीतरी लावलेली पाटी आहे. ज्या माणसाला पाणवठ्याला हात लावण्याची बंदी होती, त्याने नदीचा दाखला देऊन वळण कोणाचे आणि पाणी कोणाचे हे वेगळे करून दाखवावे, याहून बारीक पाहणे कोणते? नदीकडे नीट पाहिले म्हणूनच तो दाखला सुचला. 'वरवरचे सोडा, आत पाहा' एवढाच त्याचा सारांश काढणाऱ्या आमच्या मार्गदर्शिका या पाहण्याचीच सुट्टी करून टाकतात. पाणी वाचणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळते : वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ कोरतो, म्हणून तिथे डोह असतो, आतल्या अंगाला वाळू साचते, तिथे उथळ. नदीची वळणे वाचता आली की खोली सापडते. चोखोबांच्या दाखल्याला याने बाध येत नाही.

मार्क ट्वेनने १८८३ च्या मिसिसिपीवरील पुस्तकात एक वेगळीच तक्रार नोंदवली आहे : नावाड्याचे काम शिकून नदी पुस्तकासारखी वाचता येऊ लागली आणि तिचे सौंदर्य हरवले, सूर्यास्त दिसेनासा झाला, उद्याचा वारा दिसू लागला. विश्लेषणाने कविता मरते असे म्हणणारे विद्यार्थी हेच म्हणत असतात. आम्हाला ट्वेनचे हे दुःख थोडे लिहिण्यापुरते वाटते. ज्याने ती नदी इतक्या प्रेमाने पानोपानी लिहून ठेवली, त्याचे फार काही हरवले होते असे दिसत नाही.

खरी हानी वेगळीच आहे, आणि ती नदीवर दिसते. धरणामागे पाणी उभे राहिले की धारा, उथळ, उतार, कपारी सारे एका सपाट पातळीखाली जातात. शेतीला पाणी मिळते, शहरांना मिळते, जलाशयात कटला-रोहू सोडता येतात. हे लाभ नाकारण्याचा उद्धटपणा या दुष्काळी भागात राहणाऱ्या कोणी करू नये. पण जलाशयात मळ्याला चिकटायला धार नाही, आणि भोयाच्या त्या क्षणभर थांबण्यालाही तिथे काम नाही. धरणाखालच्या पात्राची अवस्था याहून वाईट. खडकपूर्णेच्या पात्रातून होणारा वाळूचा उपसा हा या भागात नवा विषय नाही. यंत्राने वाळू काढली की जे उथळ होते ते जाते आणि जागोजाग खड्डे उरतात. पहिल्या पावसात ते भरतात. हे खड्डे खोल असतात, पण पाण्याने कोरलेले नसतात. नदीचा डोह आपली खोली लपवीत नाही; वरची धार मंदावते, रंग गडद होतो, भोवरा फिरतो, काठाचा उतार बदलतो. यंत्राच्या खड्ड्याला यांतली एकही खूण नसते. घोटाभर पाण्यातून चालणारे पाऊल पुढच्याच क्षणी तळ सोडते. अशा खड्ड्यांत पोरे बुडाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर वर्षी कुठून ना कुठून येतात, आणि त्यांत पोहता येणारीही असतात.

खूण नसलेली ही खोली आमच्या वाङ्मयीन व्यवहारातही आता सर्रास दिसते. बाहेरून आणलेली एखादी भारी संज्ञा संहितेत खुपसायची, वाक्यरचना, शब्दकळा, ओळींचे तुटणे यांची वाळू उपसून बाजूला टाकायची, आणि तयार झालेल्या खड्ड्याला 'सखोल अन्वयार्थ' म्हणायचे. शोधनिबंध पुरे होतात, पदोन्नतीचे गुण जमतात. संज्ञा वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांतल्या काहींनी आम्हालाही पुष्कळ दाखवले आहे. पण ती खोली त्या कवितेच्या प्रवाहाने कोरली आहे की नाही, एवढे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्याला असला पाहिजे, आणि ते विचारायचे तर त्याला आधी पृष्ठभाग वाचता यायला हवा.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी, पहिल्या सत्रात, कवितेच्या आशयावर एकही प्रश्न विचारू नये. कुठे गती आहे, कुठे थांबा आहे, कोणता शब्द अनपेक्षित जागी उमाळ्यासारखा वर आला आहे, एवढेच विचारावे, आणि उत्तरादाखल ओळीवर बोट ठेवायला लावावे. अभ्यासमंडळांना हे प्रश्न उथळ वाटतील. ज्या महाविद्यालयांना नदी जवळ आहे त्यांनी पावसाळ्यात, धरणाचे दरवाजे उघडून पाणी ओसरल्यावर चार-आठ दिवसांनी, विद्यार्थ्यांना काठावर न्यावे. आमच्याकडे हे बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमते. त्या दिवसांत पुलावर उभे राहिले तरी खडकपूर्णेत वेगवान आणि संथ पाण्याचे सांधे स्पष्ट दिसतात. इंग्रजीत या सांध्याला शिवणीचा शब्द आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने 'सांधा' म्हणावे की आणखी काही, हे त्याने काठावरच्या जाळेवाल्याला विचारून ठरवावे, आणि मिळालेला शब्द वहीत जसाच्या तसा उतरवून आणावा.